प्राणी आणि पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या जुलैत बर्लिनला भाचीकडे होते. चौथ्या दिवशी मी जाहीर केलं, "संग्रहालयं पुरे. माझे पाय बोलायला लागलेत. आज प्राणी आणि पाणी."

बर्लिनचा झू अगदी शहरात, स्टेशनला खेटून. १८४४ सालचा, जर्मनीतला सगळ्यात जुना. बुडापेस्टर श्ट्रासे या रस्त्यावरून आत शिरताना दारात दोन दगडी हत्ती बसलेले दिसतात. खरे हत्ती पूर्वी भारतीय देवळासारख्या इमारतीत राहायचे. नोव्हेंबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ती कोसळली आणि सियाम नावाचा एकच हत्ती वाचला. युद्ध संपलं तेव्हा साडेतीन हजारांहून जास्त प्राण्यांपैकी उरले होते ९१.

त्या ९१मध्ये क्नाउत्शके होता. पाणघोडा. जन्म १९४३चा, म्हणजे बॉम्ब पडत होते तेव्हा हे बाळ! भुकेल्या बर्लिनचा तो लाडका झाला. आता त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पांडांसमोरची गर्दी मी लांबूनच पाहिली आणि पाणघोड्यांच्या घरात जाऊन बसले. काचेच्या घुमटाखाली मोठं तळं, आणि त्याची एक बाजू काचेचीच. पाणघोडा पोहत नाही बरं का. तळाला पाय टेकून हलकेच उसळी घेत चालतो. एवढं धूड, पण चंद्रावर चालल्यासारखं! माझ्या नाकासमोरून एक गेला. कानाच्या कडेला बुडबुडे चिकटले होते आणि मिशांचे केस पाण्यात हलत होते. भाची दोनदा म्हणाली, "मावशी, चल ना."

मग झू स्टेशनवरून एस ७ लोकल पकडली. वीसेक मिनिटांत निकोलासझे, आणि तिथून झाडीतून थोडं चाललं की वान्झे. हे तळं म्हणजे हाफेल नदीचंच फुगलेलं पोट. काठाला सव्वा किलोमीटरची पुळण, तीही बाल्टिक समुद्राकाठची वाळू आणून केलेली. १९०७ पासून इथे रीतसर पोहतात. वाळूत वेताच्या टपवाल्या खुर्च्या, टांग्याचा टप काढून ठेवल्यासारख्या. एका टोकाला कपड्यांवाचून पोहणाऱ्यांची जागा आहे. भाचीने मला पाटी आधीच वाचून दाखवली, नाहीतर पंचाईत होती.

मी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली. तिथे काठावरून मुटका मारला की थेट खोल पाणी. इथे चाललेय चाललेय, तरी पाणी कमरेपर्यंतच! मध्येच मी पाय उचलून पाणघोड्यासारखी उसळी मारून पाहिली. जमली नाही, नाकात पाणी गेलं. शेजारच्या आजोबांनी मात्र मान डोलावून दाद दिली.

शेवटी खोल पाणी लागलं. उताणी होऊन तरंगताना समोरच्या काठाकडे नजर गेली. तिथेच ते घर आहे, जिथे २० जानेवारी १९४२ रोजी नाझी अधिकाऱ्यांनी बसून ज्यूंच्या संहाराची आखणी केली. भाचीने हळू आवाजात सांगितलं. आमच्या आजूबाजूला पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. मी पालथी झाले आणि काठाकडे हात मारायला लागले.

डब्यातले पोहे टपाखाली बसून खाल्ले. दर घासाला दाताखाली थोडी बाल्टिकची वाळू येत होती. रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन होतं.