लाल बटण

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. पुण्याजवळच्या या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅव्हल्सच्या बसचे उद्या आरटीओत पासिंग आहे. डॅशबोर्डचे झाकण उघडे आहे आणि फिटरच्या तळहातावर मावेल एवढी ही काळी पेटी आत जाण्याची वाट पाहते आहे. गाडीचे ठिकाण कळवणाऱ्या या पेटीचे कागदोपत्री नाव लांबलचक असले, तरी गॅरेजमध्ये तिला सगळे नुसते ‘जीपीएस’ म्हणतात.

एक वायर बॅटरीची, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी इग्निशनची; किल्ली फिरली की नाही, हे पेटीला या तिसऱ्या वायरीवरून कळते. बॅटरीची वायर कोणी काढली, तरी पेटी आतल्या बॅटरीवर चालू राहते आणि सर्वांत आधी त्याच गोष्टीची वर्दी देते. अँटेना मात्र पत्र्याखाली दडवून चालत नाही, तिला आकाश लागते.

कारण जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि तिथून निघालेला संदेश या बसपर्यंत पोहोचायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. त्या वेळेवरून अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली की ठिकाण निघते. या हिशेबात घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले, तरी अंतरात 300 मीटरची चूक होते; म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात. ही व्यवस्था मुळात अमेरिकी लष्कराची. सर्वसामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली गेली, त्यानंतरच रस्त्यावरच्या गाडीला तिचा खरा उपयोग होऊ लागला. आपल्या पेट्यांना आता भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचे संदेशही वाचता यावे लागतात.

साताऱ्याहून पुण्याकडे येताना बस खंबाटकीच्या बोगद्यात शिरते, तेव्हा आकाशही तुटते आणि मोबाईलचे नेटवर्कही बेभरवशाचे होते. नेटवर्क नसतानाच्या नोंदी पेटी स्वतःजवळ साठवून ठेवते आणि ते परत मिळाले की एकामागून एक पाठवून देते.

डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या अत्याचारानंतर प्रवासी वाहनांतल्या सुरक्षिततेची मागणी देशभर उठली. नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 125 एच हे कलम आले, आणि 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारे यंत्र व आपत्कालीन बटण बंधनकारक झाले. रिक्षा त्यातून वगळल्या गेल्या. या यंत्राचे ‘एआयएस 140’ हे मानक प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था पुण्यातलीच, हे इथे सांगितलेच पाहिजे.

बटण दाबले की इशारा नियंत्रण कक्षाकडे जातो. पुढची धावपळ तिथे बसलेल्या माणसांवर अवलंबून आहे. चालकाची प्रत्येक चहाची टपरीही आता मालकाच्या मोबाईलवर दिसते, हेही खरे.

पेटीवरचा दिवा लुकलुकतो आणि स्थिर होतो. फिटर हात पुसत मागच्या सीटकडे जातो. मालकाने हौसेने घातलेल्या नव्या कोऱ्या सीटकव्हरखाली तिथले लाल बटण झाकले गेले आहे. तो खिशातून ब्लेड काढतो, बोटाने चाचपून बटणाची जागा शोधतो आणि कव्हरला गोल भोक पाडतो.