त्याचं दुखणं खरं आहे
(सिकलसेल असलेल्या सातपुड्यातल्या लहान मुलांवरच्या माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: नंदुरबारबाहेरच्या पथारी. वाळत घातलेली मिरची. पलीकडच्या रस्त्यावरून माणसांनी भरलेला ट्रक जातो.]

दिवाळी उलटली की नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळायला पडते. त्याच सुमारास धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतेच्या वाटेला लागतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि आईच्या मांडीवर लहानगं. थंडीही नेमकी तेव्हाच येते. वर डाबसारख्या गावात पहाटे गवतावरचं दव गोठतं. बाकीची मुलं हे दिवस कसेबसे काढतात, पण सिकलसेल असलेल्या मुलासाठी वर्षातला सगळ्यांत धोक्याचा काळ इथून सुरू होतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं रक्त. गोल पेशींमध्ये काही वाकड्या, टोकदार.]

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडणच किंचित वेगळी असते. पेशीतला ऑक्सिजन कमी झाला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी वाटेत अडकतात. पुढच्या हाडाला, स्नायूला ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि तिथे कळ उठते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळ्यांत पिवळेपणा.

हा आजार लागट नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या आजाराच्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः सहसा ठणठणीत असतो. उलट, या जनुकाची एकच प्रत असेल तर जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं, ते त्यामुळे. पाड्यावर मात्र दोष येतो तो सुनेवर. तिच्या माहेरावर बोट ठेवलं जातं. दोघांकडून एकेक जनुक आल्याशिवाय हा आजार होतच नाही, ही गोष्ट घरातल्या थोरल्या माणसांना समोर बसवून सांगायला हवी, आणि तीही मुलाच्या बापाच्या देखत.

[दृश्य: दीड वर्षाच्या मुलीची पावलं. आईचा हात त्यावरून फिरतो.]

पहिले पाच-सहा महिने काहीच दिसत नाही. आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन बाळाला तोवर सांभाळून घेतं. ते ओसरलं की एक दिवस हातांचे पंजे, पावलं सुजतात. कुणी म्हणतं किडा चावला, कुणी म्हणतं पडलं असेल. मग पाड्यावरच्या बडवाकडे, म्हणजे भगताकडे, नेलं जातं. त्यावरून आईबापांना झापणारे लोक आम्हाला बरेच भेटले. त्याने साधतं इतकंच, की पुढच्या वेळी ती माणसं दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. बडवालाच विश्वासात घ्या, सुजलेले पंजे दिसले की त्याच दिवशी मूल दवाखान्यात पाठवायला सांगा. पाड्यावर त्याचा शब्द चालतो.

[दृश्य: शहादा तालुक्यातली अंगणवाडी. ओट्याच्या कडेला बसलेला चार वर्षांचा मुलगा.]

बाकीची पोरं गोल करून नाचताहेत. हा ओट्यावर बसून आहे. दोन्ही तळहातांत गुडघा घट्ट धरलाय. रडत नाही. ताई जवळ जाऊन विचारतात, "काय व्हयनं भाऊ?" तो मान फिरवतो.

चार वर्षांच्या मुलाला कळ येते, पण ती सांगता येत नाही. कितीदा तरी सांगून झालेलं असतं आणि ऐकणाऱ्याला जखम दिसत नाही, सूज दिसत नाही. मग 'नाटकं करतो', 'आळशी आहे' हे शब्द त्याच्या कानावर पडतात, आणि तो सांगायचं सोडून देतो. ताईंनी पाटीवर खडूने पाच चेहरे काढलेत. पहिला हसरा, शेवटचा रडवेला. त्या पाटी त्याच्या मांडीवर ठेवतात. थोडा वेळ जातो. मग बोट चौथ्या चेहऱ्यावर टेकतं.

पुढचं काम त्यांच्या हातचं झालंय. कोमट पाणी घोट घोट पाजायचं, गुडघ्याला ऊबदार फडकं गुंडाळायचं. बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी अजिबात नको, गारव्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं वेदनाशामक औषध घरी आहे, म्हणून आईला निरोप. तेवढ्याने कळ थांबली नाही, श्वास लागला, किंवा हात-पाय लुळा वाटला, बोलणं अडखळलं तर थेट रुग्णालय. हा आजार लहान मुलांनाही पक्षाघात करू शकतो.

[दृश्य: आश्रमशाळेचा वऱ्हांडा. सकाळ. दोरीवर वाळणाऱ्या गोधड्या.]

सहाव्या वर्षी मूल आश्रमशाळेत जातं आणि आई दूर राहते. इथे जे घडतं ते आम्हाला सविस्तर सांगायचं आहे.

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. त्यामुळे मुलाला वरचेवर लघवी लागते, रात्री अंथरूण ओलं होतं. पाणी कमी पाजून उपयोग नाही, कारण पाणी कमी पडलं की पेशी जास्त वाकतात आणि कळ उठते. म्हणजे त्याने भरपूर प्यायचं, आणि मागेल तेव्हा त्याला बाहेर सोडायचं. वर्गात 'आत्ताच तर गेला होतास' म्हणून बसवून ठेवलेलं मूल हळूहळू पाणी प्यायचंच टाळतं. गादी ओली झाली म्हणून सगळ्यांसमोर उभं केलेलं मूलही तेच करतं. शिक्षक दुष्ट असतात म्हणून असं होत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापक, अधीक्षक आणि स्वयंपाकी मावशी या तिघांना हे सांगितलं गेलं पाहिजे. अंघोळीला गरम पाणी, एक जादा स्वेटर, धावण्याच्या शर्यतीतून सूट. खेळातून सूट मात्र नको. त्याला खेळायचं असतं, फक्त दमला की बसू द्यायचं.

[दृश्य: परिचारिका आईची बोटं बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवते.]

लहान वयात खरी भीती दोन गोष्टींची. एक जंतुसंसर्ग. डाव्या बरगडीखाली असलेली, जंतूंशी लढणारी प्लीहा या मुलांमध्ये लवकर निकामी होते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस, हे त्यावरचं कवच. ताप 101 च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. दुसरी भीती म्हणजे प्लीहेत अचानक रक्त साठणं. पोट डावीकडे फुगतं, मूल पांढरंफटक पडतं. जमैकात आयांना बरगडीखाली बोटांनी प्लीहा चाचपायला शिकवलं, आणि या कारणाने होणारे बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याला ना यंत्र लागलं, ना वीज.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळपणीचं ते सांभाळणारं हिमोग्लोबिन वाढवतं आणि कळांचे झटके कमी करतं. ते रोज घ्यावं लागतं, मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मुलाला बरं वाटतंय म्हणून बंद करता येत नाही.

सुई टोचण्याआधी 'काही होत नाही' असं मुलाशी खोटं बोलू नका. 'टोचेल, दहा मोजेपर्यंत, मी हात धरते' असं सांगा. घरातल्या थोरल्या भावंडालाही वेळ द्या, सगळ्यांचं लक्ष धाकट्याकडे गेल्याचं त्यालाही कळत असतं.

[दृश्य: तालुक्याचं बसस्थानक. आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड.]

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. एसटीच्या साध्या बसमध्ये रुग्णाला प्रवास मोफत आहे. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंत आजार हटवायचा आणि आदिवासी भागातल्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची, हे तिचं उद्दिष्ट. तपासणी झालीच पाहिजे. पण ज्या मुलाचं निदान आज हातात आहे, त्याला 2047 ची वाट पाहता येणार नाही. त्याला येत्या हंगामात औषध हवंय.

[दृश्य: ट्रकमध्ये सामान चढवलं जातंय. मुकादम नावं वाचतो.]

म्हणून आमची मागणी एवढीच. टोळी निघायच्या आत आशाताईंनी प्रत्येक सिकलसेल मुलाच्या घरी जावं. पुढच्या रक्ततपासणीपर्यंत पुरेल इतकं औषध, पडावाजवळच्या आरोग्य केंद्राच्या नावाने गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी आणि एक जाड गोधडी बरोबर द्यावी. आणि मुकादमाला त्या मुलाचं नाव सांगून ठेवावं, म्हणजे रात्री ताप भरला तर गाडी कुणी द्यायची हे आधीच ठरलेलं असेल.