रंगवलेलं मॉडेल जोडताना गोंद कुठला?

नमस्कार! हा पंख बघा. (पंख कॅमेऱ्याजवळ) जोडून दोन दिवस झाले होते आणि विमान उचलताच हा हातात आला. आता ही कड बघा. रंगाचा पापुद्रा गोंदासकट निघालाय आणि खाली प्लास्टिक कोरं आहे. मी पंख विमानाला चिकटवलाच नव्हता, रंगाला रंग चिकटवला होता.

मॉडेलच्या किटचं, म्हणजे सुट्या भागांच्या संचाचं, प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं. त्याचं जे सिमेंट मिळतं (बांधकामाचं नव्हे, मॉडेल जोडायचा गोंद), ते खरं तर चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होतात, त्यांचे लांबलांब रेणू एकमेकांत शिरतात, द्रावक उडून जातं आणि मागे सलग प्लास्टिक उरतं. जवळजवळ वेल्डिंगच! पण मध्ये रंग असला, की सिमेंट त्या रंगाचाच चिखल करतं आणि प्लास्टिकपर्यंत धड पोचत नाही.

म्हणून सांध्याच्या जागेवरचा रंग आधी काढायचा. (क्लोजअप) हॉबी नाइफचं पातं असं उभं धरा. कापायचं नाही, हलक्या हातानं खरवडायचं. खुंटी आणि तिचं भोकही विसरू नका, रंगाच्या थरामुळे तीसुद्धा अडकते. रंग द्यायचा बाकी असेल, तर त्या जागांवर आत्ताच मास्किंग टेप लावा. खरवडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

रंगवलेल्या मॉडेलला मी पातळ सिमेंट वापरतो. आधी भाग जुळवून धरा, मग ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा, जमेल तिथे आतल्या बाजूनं. केशाकर्षणानं ते आपोआप आत ओढलं जातं. बोट मात्र फटीवर नको, सिमेंट बोटाखाली शिरतं आणि ठसा कायमचा उमटतो. थेंब रंगावर सांडलाच, तर पुसू नका! पूर्ण वाळू द्या, नंतर बारीक पॉलिश पेपरनं घासून तेवढाच भाग रंगवा.

पितळी पत्र्याचे किंवा रेझिनचे भाग सिमेंटनं विरघळत नाहीत. तिथे सुपरग्लू, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. तो रंगावरही धरतो, पण रंगाची पकड जेवढी, तेवढाच तो सांधा टिकणार. अँटेनासारख्या हलक्या भागाला चालेल, पंखाला नाही.

कॉकपिटच्या काचेला मात्र सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. तिथे साधा पांढरा गोंद. वाळला की पारदर्शक होतो, आणि ओला असेपर्यंत जास्तीचा गोंद ओलसर कापसाच्या काडीनं पुसता येतो.

सिमेंट उघडताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको, त्याची वाफ पेट घेते.

चला, आता या पंखाची कड खरवडायला घेऊ. (कॅमेरा टेबलावर)