तोलोंग म्हणायचं की सिला?

[दृश्य: क्वालालंपूर, कांपुंग बारू. सकाळची वेळ. नासी लमाकचं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचं दुकान, पुढे गिऱ्हाइकं.]

निवेदन:

मलय भाषेत सभ्यपणाला म्हणतात 'बुदी बाहासा'. बुद्धी आणि भाषा! संस्कृतातले हे दोन शब्द समुद्रापलीकडे गेले, एकत्र आले आणि त्यांचा अर्थ झाला चांगली वागणूक.

पर्यटकाची पहिली गडबड होते ती अशा दुकानापुढे. मोबाइलवर 'प्लीज' शोधलं की 'सिला' सापडतं आणि तो चहा मागताना तेच म्हणतो. पण सिला हा यजमानाचा शब्द. 'सिला मासुक', या आत. 'सिला दुदुक', बसा ना. पाट्यांवरही तोच असतो: 'सिला बरातूर', रांग लावा. आपलं काम करून घ्यायचं असेल तर 'तोलोंग', म्हणजे मदत. आणि वस्तू हवी असेल तर 'मिंता'. "मिंता तेह ओ कोसोंग सातू": बिनदुधाचा, बिनसाखरेचा एक चहा.

[दृश्य: चहा हातात येतो.]

आता 'तरिमा कासिह', म्हणजे आभार. उत्तर येतं 'सामा-सामा'. रोमन लिपीत 'e' (ई) हे अक्षर दिसलं की आपण 'तेरिमा', 'सेलामत' वाचतो. पुष्कळदा तिथे उच्चार असतो आपला साधा 'अ': तरिमा, सलामत. मराठी माणसाला हा स्वर शिकावा लागत नाही, फक्त ओळखावा लागतो. शब्दाच्या शेवटचा 'क' मात्र घशातच अडवायचा.

[दृश्य: दुकानदारीण, पन्नाशीच्या पुढची.]

खरी अदब संबोधनात आहे. 'आवाक' म्हणजे तू किंवा तुम्ही, पण वडीलधाऱ्यांना तसं म्हणणं उद्धटपणाचं. सर्वनाम टाळून नातं लावायचं, आपण दादा-ताई, काका-मावशी म्हणतो तसंच. पन्नाशीच्या बाईंना 'माकचिक', पुरुषांना 'पाकचिक', थोड्या मोठ्यांना 'आबांग' (दादा) आणि 'काकाक' (ताई), हाक मारताना नुसतं 'बांग' किंवा 'काक'. बँकेत, हॉटेलच्या काउंटरवर पुरुषाला 'अन्चिक' आणि बाईला 'पुआन'.

नकार देताना 'ताक नाक', म्हणजे नको, म्हणतात. मराठी कानाला गंमत वाटते, पण अनोळखी माणसाला ते तुटक लागतं. 'ताक आपा, तरिमा कासिह' बरं: राहू द्या, आभारी आहे.

[दृश्य: अरुंद वाट. एक मुलगा वाकून, उजवा हात खाली धरून दोघांमधून जातो.]

"तुम्पांग लालू", जरा जाऊ द्या. शब्दांइतकंच ते वाकणं महत्त्वाचं. पत्ता विचारताना 'तुम्पांग तान्या', जरा विचारू का. दिशा दाखवायची ती उजव्या हाताच्या अंगठ्याने, बाकी बोटं मिटून; तर्जनी रोखणं असभ्य. पैसे देणंघेणं उजव्या हाताने. मुस्लिम स्त्रीपुढे पुरुषाने आपणहून हात करू नये. तिने केला नाही, तर उजवा हात छातीवर ठेवून मान लववायची.

निरोपात हमखास घोटाळा. जाणाऱ्याला मागे राहणारा म्हणतो 'सलामत जालान', जाणारा म्हणतो 'सलामत तिंगाल'. उलटसुलट होण्याची भीती असेल तर 'जुम्पा लागी', पुन्हा भेटू.

[दृश्य: ताटलीत लाल सांबाल (मिरचीची चटणी), वाळवलेली चिमुकली मासळी.]

शाकाहाऱ्यांनो, 'दागिंग नको' एवढ्याने भागत नाही. दागिंग म्हणजे बहुधा गोमांस; कोंबडी आणि मासे त्यात मोजलेच जात नाहीत. म्हणून पूर्ण यादी सांगा: "साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग": मी गोमांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. शिवाय 'बलाचान' नको म्हणा. ही कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांची आंबवलेली चटणी, आणि ती पालेभाजीतही असते.