कॅफेटेरियातले शिक्के

[दृश्य : रिकामा कॅफेटेरिया, लांबच लांब टेबलं. हळूहळू मुलं येऊन बसू लागतात.]

हातात ट्रे घेतलेली नवी मुलगी दारात उभी आहे. आता कुणीतरी तिला सांगणार, कुठल्या टेबलावर कोण बसतं. मधोमध फुटबॉलची टीम, शेजारी चीअरलीडर, कोपऱ्यात कॉम्प्युटरवाली मुलं. अमेरिकन हायस्कूल कॉमेडीत हा प्रसंग इतका रुळलाय, की २००४च्या ‘मीन गर्ल्स’मध्ये नायिकेच्या हातात टेबलांचा चक्क नकाशाच येतो.

साचे वापरण्यामागे सोय आहे. दीड तासात पंधरावीस मुलांची ओळख करून द्यायची, तर खेळाडूच्या अंगावर टीमचं जॅकेट चढवलं की अर्धं काम होतं. आणि हे साचे हवेतून आलेले नाहीत. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातल्या दहा शाळांचा अभ्यास केला आणि १९६१मध्ये पुस्तक लिहिलं. शाळेत तुझी आठवण कशी राहावी, असं त्यांनी मुलांना विचारलं होतं. हुशार विद्यार्थी म्हणून राहावी असं म्हणणाऱ्या मुलग्यांपेक्षा नामांकित खेळाडू म्हणून राहावी असं म्हणणारे जास्त निघाले.

याच इलिनॉयमध्ये, शिकागोच्या उपनगरात, दिग्दर्शक जॉन ह्यूज शाळेत शिकला. पुढे त्याने शर्मर नावाचं काल्पनिक गाव रचलं आणि आपले सिनेमे तिथे घडवले.

[दृश्य : शाळेची लायब्ररी. पाच रिकाम्या खुर्च्या.]

१९८५चा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ त्यातलाच. शनिवारी शिक्षा म्हणून पाच जण लायब्ररीत डांबलेले. एक अभ्यासू, एक पहिलवान, एक श्रीमंत सुंदरी, एक गुंड आणि एक विचित्र, गप्प मुलगी. साचे सगळे जुनेच. पण ह्यूज त्यांना दिवसभर एका खोलीत बसवतो आणि बोलू देतो. पहिलवानाला बापाची भीती आहे. अभ्यासू मुलगा एका विषयात नापास होतोय, आणि ते त्याला इतकं असह्य झालंय, की त्याच्या मनात जीव द्यायचे विचार आलेत. टीनएजरचं दुःख इतक्या गांभीर्याने ऐकणारी कॉमेडी मला आजही दुर्मीळ वाटते.

म्हणूनच तिचा शेवट खटकतो. गप्प राहणाऱ्या ॲलिसनला सुंदरी आरशासमोर बसवते, डोळ्यांभोवतीचं काजळ पुसते, केस मागे बांधते. मग कुठे पहिलवान तिच्याकडे नीट बघतो. दिवसभर ‘आमच्यावर शिक्के मारू नका’ म्हणणारा सिनेमा शेवटी तिला मान्यताप्राप्त साच्यात बसवून घरी पाठवतो! बाकीच्या चौघांच्या जोड्या जुळतात आणि अभ्यासू मुलगा एकटाच बसून सगळ्यांच्या वतीने निबंध लिहितो. शिक्का किती चिवट असतो, ते इथे दिसतं. तो पुसायला निघालेल्या दिग्दर्शकाच्या हातूनही सुटत नाही.

हा कायापालट पुढे नियमच झाला. १९९९च्या ‘शीज ऑल दॅट’मधली लेनी चित्रकार आहे, तिची आई वारली आहे, घरात धाकटा भाऊ आहे. एवढं सगळं असून प्रेक्षकांच्या लक्षात काय राहिलं? चष्मा काढून लाल ड्रेसमध्ये जिना उतरणारी मुलगी.

[दृश्य : लॉकरची रांग. कॅमेरा एका बंद दारापाशी थांबतो.]

आणि काही पात्रांना तर जिनाही मिळत नाही. ह्यूजच्याच १९८४च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये लाँग डक डाँग नावाचा परदेशी विद्यार्थी आहे. तो आला की घंटा वाजते. तेवढाच विनोद. भूमिका केली होती अमेरिकेतल्याच युटा राज्यात जन्मलेल्या गेडी वातानाबे याने. नंतर अनेक आशियाई-अमेरिकन मुलांना शाळेत याच नावाने चिडवलं गेलं. त्याच सिनेमात दारूने शुद्ध हरपलेल्या मुलीला तिचा मित्र सरळ दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, आणि तेही विनोद म्हणून. नायिका झालेली मॉली रिंगवाल्ड हिने २०१८मध्ये या सिनेमांवर सविस्तर लिहिलं. ह्यूजने आपल्याला जे दिलं त्याबद्दलची माया आणि हे प्रसंग आता पाहताना होणारा त्रास, दोन्ही तिने एकाच लेखात मांडलं. मला तिची ही भूमिका फार मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते : वय. ‘ग्रीस’ या सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी शाळकरी रिझो साकारणारी स्टॉकार्ड चॅनिंग ३३ वर्षांची होती. अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, सेटवर त्यांच्या शिक्षणाची सोय करावी लागते. त्यापेक्षा मोठी माणसं घेणं निर्मात्याला परवडतं. पण मग खऱ्या सोळा वर्षांच्या मुलांना पडद्यावर आपल्या वयाचा म्हणून दिसतो तो पूर्ण वाढलेला, पिंपल्स नसलेला माणूस.

२०१९च्या ‘बुकस्मार्ट’ने शिक्के मारायचं काम थेट नायिकेकडे सोपवलं. मॉलीने चार वर्षं फक्त अभ्यास केलाय आणि पार्ट्या करणाऱ्यांना ती वाया गेलेले समजते. शाळेच्या बाथरूममध्ये तिला कळतं, की तिला जिथे प्रवेश मिळालाय त्याच येल विद्यापीठात त्यांच्यातलीही एक जण चालली आहे. या मुलीला अख्खी शाळा एका घाणेरड्या टोपणनावाने हाक मारते, मॉलीही मारते. पुढे रात्री गाडी चालवता चालवता ती मॉलीला सांगते, की मुलगे असं बोलणार हे तिने धरलेलंच असतं. मुली बोलतात तेव्हा जास्त लागतं.