कपाटातलं सेवापुस्तक

(पंचायत समिती, शिक्षण विभाग. लोखंडी कपाट उघडतं.)

तालुक्यातल्या जिल्हा परिषद शिक्षकांची ही सेवापुस्तकं. नेमणूक, बदल्या, रजा, वेतनवाढ, सगळी नोकरी यात हातानं लिहिलेली. पगार निघतो शालार्थ प्रणालीतून, संगणकावर. पण तो किती निघावा, हे अजून ही पानंच ठरवतात.

(वर्ग. पहिली ते चौथी एकत्र.)

बाई चौथीला भागाकार देऊन पहिलीकडे वळल्यात. एकाच पदावर १२ वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी. वरिष्ठ श्रेणीला शिक्षक ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात. बाईंची १२ वर्षं केव्हाच भरली.

(टेबल. कागद चाळणारे हात.)

या श्रेणीचा प्रस्ताव शाळेतून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. सोबत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला. तालुक्याची यादी जिल्ह्याला जाते. मंजुरी आली की पुस्तक पुन्हा कपाटातून बाहेर. वेतननिश्चिती करायची, मग वित्त विभागाची पडताळणी. हा लाल शाईतला शेरा बघा. जुन्या बदलीच्या नोंदीवर सही नाही, म्हणून पुस्तक परत. सही ज्यांनी करायची ते साहेब निवृत्त झालेत. आता जुन्या तालुक्यातून खात्री करून आणायची, आणि ती आणायला बाईंनीच जायचं, रजा टाकून.

तोवर वेतनवाढ जुन्या मूळ वेतनावर, महागाई भत्ता त्यावर, निवृत्तीला आलेल्यांचं पेन्शनही त्यावरच.

सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, राज्यात हातात पडला २०१९ मध्ये. फरक पाच हप्त्यांत. तो उशीर निदान शासन निर्णयात लिहिलेला होता. कपाटातल्या उशिराला तारीखच नाही.

(सभागृह. केंद्रवार मांडलेली टेबलं, शिक्षकांची गर्दी.)

हे पडताळणी शिबिर. वित्त विभागाची माणसं तालुक्याला आली आहेत. त्रुटी निघाली की तिथल्या तिथे दाखला, तिथेच सही. या ताईंचं पुस्तक सकाळी आलं, जेवणाच्या सुट्टीआधी शिक्का बसला. तेच कर्मचारी, तेच नियम. फक्त सगळे एका छताखाली. असं शिबिर संघटनांनी निवेदनं दिल्यावरच का भरावं? दरवर्षी, ठरल्या महिन्यात भरायला हवं.

शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं राज्याच्या २००५ च्या कायद्यातच लिहिलंय. सेवापुस्तकाला तोच दंडक लावा.

आणि प्रस्ताव शिक्षकानं का करायचा? १२ वर्षं कधी भरणार, हे रुजू झाल्या दिवशीच ठरलेलं असतं. ती तारीख कार्यालयाच्या दप्तरात आहे. सहा महिने आधी कार्यालयानंच यादी काढावी, त्रुटी कळवाव्यात, आणि १२ वर्षं भरतील त्या महिन्याचा पगार नव्या श्रेणीत काढावा.