गेटवरची वही

[ठाणे, घोडबंदर रोड. सोसायटीचं गेट. सकाळ.]

कुरिअरवाला आला. वॉचमननं वही पुढे सरकवली. नाव, मोबाइल नंबर, विंग, कोणाकडे, किती वाजता, सही. त्याच्यामागे इस्त्रीवाला. मग भाचीला भेटायला आलेली एक मावशी. ती लिहायला वाकते तेव्हा वरच्या ओळीतली नावं आणि नंबर तिच्यासमोर उघडेच असतात. तिच्या नंबराचंही पुढे तेच होणार. वही भरली की रद्दीत.

शेजारच्या सोसायटीत वही गेली, टॅब आला. आता फोटोही काढतात.

[ठाणे-बेलापूर रस्ता]

असली माहिती साठवणारी डेटा सेंटर इथून लांब नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे. रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता भल्यामोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत.

दारावरच्या पहाऱ्याची गोष्ट जुनी आहे. उत्तर प्रदेशात खरक सिंह यांच्यावरचा दरोड्याचा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्यांचं दार ठोठावत राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या रात्रीच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. पण खासगीपणा हा घटनेनं दिलेला हक्क नाही, असंही बहुमतानं म्हटलं. ते वाक्य पुसायला ५५ वर्षं लागली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध न्यायालयात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग.

मराठीत याला 'गोपनीयता' म्हणतात, तो शब्द मला अपुरा वाटतो. गोपनीय म्हणजे लपवलेलं. मावशीला काहीच लपवायचं नाही. नंबर तिचा आहे, इतकंच.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक बंधनं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे: कागदी वही या कायद्यात बसतच नाही. तीच ओळ टॅबवर गेली की बसते. मग माहिती कशासाठी घेता ते आधी सांगावं लागतं, संमती मोकळेपणानं दिलेली असावी लागते, आणि ती सूचना मराठीत मागता येते, कारण राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांचा पर्याय द्यायला कायदाच सांगतो. चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. सरकारी यंत्रणांना मात्र केंद्र सरकार यातून सूट देऊ शकतं. हे मला फार खटकतं. खरक सिंहांचं दार ठोठावणारे सरकारीच होते.

[पुन्हा गेट. टॅबचा कॅमेरा मावशीकडे वळतो.]

"दादा, नंबर दिला ना? मग फोटो कशाला?"

वॉचमन सेक्रेटरींना फोन लावतो. मावशी पिशवी खाली ठेवते आणि थांबते.